कोपराच्या पानावरचा ठिपका

रफूबाईकडे कुठलंही कापड आलं की ती आधी ते उलटं करी. गिऱ्हाईक बिचारं बोट लावून दाखवत असे, "हे बघा, इथे खिळ्यात अडकलं," आणि ही त्याच्या हातातून कोट ओढून घेऊन बाही आतून बाहेर काढून बसलेली. वरची बाजू लोकांना दाखवायची असते, असं तिचं म्हणणं. धागा कुठून आला, कुठे गेला, आधी कुणी अडाण्याने हात मारून ठेवलाय का, ते सगळं मागे कळतं. मग ती शिवणीच्या आत दडलेल्या जादा कापडातून दोन-चार धागे अलगद ओढून काढी आणि त्याच कापडाच्या धाग्याने त्याच कापडाचं भोक भरी. काम झालं की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून शोधत राही. "कुठे होतं हो भोक?" एवढं कानावर पडलं की तिचा दिवस सोन्याचा.

हल्ली ते कानावर फारसं पडत नसे. फाटलेलं दुरुस्त करून वापरायची लोकांची सवयच मोडली होती. खालचा लॉन्ड्रीवाला आठवड्यातून एखादा कोट वर पाठवी, आणि तोही "घाई नाही" म्हणून.

राहायची ती तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत खिडकी, खिडकीशी खुर्ची, आणि खुर्चीतून सरळ खाली बसचा थांबा. खुर्ची उजेडासाठी ठेवलीय असं ती सांगे. खरं तर तिथे उजेड उजवीकडून येई, हाताची सावली नेमकी टाक्यावर पडे आणि डोळे ताणावे लागत. पण लेक शाळेत जायला लागली तेव्हापासून खुर्ची तिथेच होती, कारण तिथून लेक बसमध्ये चढताना दिसायची आणि उतरतानाही. कुणाबरोबर उतरली, हसत उतरली की तोंड पाडून, सगळं दिसायचं.

लेक मोठी झाली, कचेरीत लागली, तरी खुर्ची हलली नाही. उलट जे खुर्चीतून दिसत नसे ते लॉन्ड्रीवाल्याला विचारून घ्यायचं, नाहीतर थांब्यावरच्या पेपरवाल्याला.

"आई, तुझे डोळे माझ्या पाठीला टाचून ठेवल्यासारखे वाटतात," लेक एकदा म्हणाली. "मी बस बदलली तर तेही तुला कळतं."

"कळलं तर बिघडलं काय? आई आहे मी. पोलीस नाही."

"पोलीस परवडले. ते ड्युटी संपली की घरी जातात."

लेकीने हे हसत म्हटलं होतं. रफूबाईला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

मग एका सकाळी लेक राखाडी कोट घालून, एक पेटी घेऊन थांब्यावर जाऊन उभी राहिली. दूरच्या मोठ्या शहरात कॉम्प्युटरचं काम मिळालं होतं. खालून तिने वर बघितलं नाही. सुरुवातीला फोन येत. जेवलीस का, खोलीत अजून कोण आहे, काल उचलला का नाहीस, मग होतीस कुठे, असं रफूबाई विचारी. फोन विरळ होत गेले. पुढे नंबर बदलला आणि नवा काही कळवला नाही. भांडण असं झालंच नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

लेक होती तोवर घरातलं वाचायचं काम लेकीचं. लॉन्ड्रीच्या चिठ्ठ्या, औषधाच्या बाटल्या, विजेचा कागद, सगळं तीच वाचे. ती गेली आणि घरातली अक्षरं मुकी झाली. इतर बायका चष्म्याचा नंबर वाढला म्हणून वाचन सोडतात त्या वयात रफूबाई ग्रंथालयातल्या मोठ्या माणसांच्या वर्गात जाऊन बसली. पहिलं अक्षर गिरवायला तिला जितका वेळ लागला, तितक्यात तिने एक अख्खी बाही भरली असती. शिकवायला ग्रंथपालबाई. वयाने लेकीपेक्षा थोडी मोठी, बोलायला मऊ. रफूबाईला ती मावशी म्हणे.

अक्षरं आली तेव्हा ग्रंथपालबाईनेच टूम काढली. "मावशी, तुम्हाला येतं ते लिहून काढा. इंटरनेटवर एक फुकटची जागा मिळते, तिथे तुमचं पान करू." लेकीने मागे ठेवलेला मांडीवरचा जुना कॉम्प्युटर घरात होताच. त्याच्या पडद्याच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध, लेकीने काळ्या कापडाची नखाएवढी चकती चिकटवली होती. खाली काहीतरी फुटलं असेल, झाकलंय, असं रफूबाईने मनाशी धरलं. पुढे चकतीच्या कडा सुटायला लागल्या तेव्हा तिने त्या बारीक टाक्यांनी दुमडूनही घेतल्या. पोरीच्या हातचं ठिगळ होतं, निघून जायला नको.

तर असं रफूचं पान सुरू झालं. कॉलर कशी उलटवायची, कसर लागलेलं लोकरीचं कापड कसं भरायचं, आणि सगळ्यात पहिलं म्हणजे कोपर; त्या पानावरची अक्षरं ती पहिल्यापासून रोज थोडी थोडी सुधारत असे. कोपराच्या पानावर जो फोटो होता तो त्या राखाडी कोटाचा. लेक जायच्या आधी रफूबाईने त्याचं डावं कोपर भरलं होतं, आणि लेकीने स्वतःच हौसेने फोटो काढला होता, "आई, हे कुठे होतं ते मलासुद्धा सापडत नाही" म्हणत.

पानाच्या मागच्या बाजूला, फक्त मालकालाच दिसेल असा, एक नकाशा होता. कुणी येऊन वाचून गेलं की नकाशावर ठिपका उमटे. महिन्याकाठी इकडेतिकडे चार-दोन ठिपके. पण एक ठिपका रोजचा होता. रोज सकाळी, रफूबाईचा चहा उकळत असताना, दूरच्या त्या मोठ्या शहरात तो उमटे. आणि हा ठिपका कॉलरच्या पानावर जात नसे, कसरीच्या पानावर जात नसे. कोपराच्या पानावर येई, आणि जाई.

आता सांगा, आईने काय समजायचं?

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगितली तर विरून जाईल अशी धास्ती होती. ती फक्त कोपराच्या पानावर रोज थोडं थोडं लिहायला लागली. रफू केलेलं कापड गरम पाण्यात घालू नये, असं लिहिलं की पुढे लिही, थंडी वाढली तर कोटाच्या आत अजून एक सुती कपडा घालावा. भाड्याच्या खोलीत ओल असेल तर कोट भिंतीला टेकवून टांगू नये. मालकाला ओलीचं सांगावं, लाजू नये. कोपर पुन्हा विरलं तर त्यात कुणाची चूक नसते, कोपर टेकूनच माणूस विचार करतो. एवढं लिहून ती सकाळी ठिपक्याची वाट बघे. ठिपका आला की चहा गाळी. कधीकधी चहा पार काळा होई.

दुसऱ्या मजल्यावर नळवाला राहत असे. काम सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण कुठे टपटप ऐकू आली की अजूनही त्याचे कान टवकारत. बायको वारल्यापासून तो दिवसातून एकदा तरी काहीतरी निमित्त काढून वर येई. त्या दिवशी तो आला तो जिना अर्धा असतानाच बोलत.

"ताई, माझ्यामागे लोक लागलेत."

"कुणाचा नळ बिघडवून आलात?"

"तसले नाहीत हो. कॉम्प्युटरमधले. तरुणपणी एक मागे लागली नाही, आणि या वयात एका सकाळी वीस-बावीस!" तो तिच्या कॉम्प्युटरसमोर बसलासुद्धा. "ग्रंथालयात परवा दाखवलं. ब्राउझरला जोडायचं एक छोटं साधन आहे, फुकट. आपण कुठलं पान उघडलं की त्या पानाच्या मागे कोण कोण दडून बसलंय त्याचं चित्र काढून दाखवतं. थांबा, तुमच्याकडेही बसवतो."

"पान मी वाचतेय, त्याच्या मागे कोण असणार?"

"असं बघा. तुम्ही कुणाच्या घरी पाणी प्यायला गेलात. घरवाल्याने पाणी दिलं. पण त्याने भिंतीच्या आत दहा जणांना चोरजोड मारून दिलेत. तुम्ही काय प्यालात, किती प्यालात, इथून उठून कुठल्या घरी गेलात, सगळं त्या जोडांतून बाहेर."

"त्यांना काय करायचंय माझ्या पाण्याशी?"

"तुम्हाला तहान कधी लागते ते कळलं की सोडा विकता येतो."

साधन बसलं. नळवाल्याने हवामानाचं पान उघडलं, रफूबाई रोज बघे तेच. पडद्याच्या कडेला आधी एक वर्तुळ आलं, म्हणजे ते पान. मग त्याच्या भोवती पटापट लहान त्रिकोण उगवायला लागले, आणि प्रत्येकापासून वर्तुळापर्यंत एक बारीक रेघ. रफूबाईने चष्मा पुसला. मग तिने गुडघेदुखीचं पान उघडायला लावलं. दुसरं वर्तुळ आलं, त्याचे त्रिकोण आले, आणि त्यातल्या काही त्रिकोणांतून रेघा निघून थेट पहिल्या वर्तुळाला जाऊन चिकटल्या.

"हा इथेही होता आणि तिथेही?" ती बोट लावून म्हणाली.

"तेच तर. दोन्ही घरांत याचा जोड. म्हणून तर हवामानाच्या पानावर तुम्हाला गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात."

"अगंबाई. मला वाटायचं थंडीत गुडघे दुखतात म्हणून माणुसकीने टाकत असतील."

नळवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. पण रफूबाई हसत नव्हती. तिला ते चित्र ओळखीचं वाटत होतं. कापड उलटं केल्यावर दिसतात तशाच या रेघा, एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे ओढलेले धागे. वरून पान कसं गुळगुळीत, आणि मागे हा गुंता. आणि कुठलंही कापड उलटं केल्यावर जे तिच्या मनात येई तेच आलं.

"माझं पान उलटा बघू."

"तुमच्या पानामागे कोण असणार? तुमचं आणि कोपराचं कोण वैरी?"

"उघडा तर."

कोपराचं पान उघडलं. राखाडी कोट दिसला. कडेला एक वर्तुळ आलं. आणि मग, एकामागून एक, त्याच्या भोवतीही त्रिकोण उगवले. हवामानाइतके नाहीत, पण उगवले. त्यातला एक तर तोच, गुडघ्याच्या पानावरचा.

"मी तर कुणाला बोलावलं नव्हतं," रफूबाई म्हणाली.

"फुकटच्या जागेवर बांधलंत ना. जागावाल्याने भिंती बांधतानाच जोड मारून ठेवलेत. हा एक तुमचा तो नकाशावाला, येणाऱ्यांना मोजणारा. बाकीचे त्याचे सोयरे." नळवाल्याने साधनातला खटका दाबला. त्रिकोण एकेक करून करडे पडले. "बघा, बंद. आता तुम्ही तुमच्याच पानावर आलात तरी तुमचा ठिपका उमटणार नाही. ज्याच्याकडे हे साधन असेल तो तुमच्या मोजणीत येतच नाही. आला काय, गेला काय, कुणाला पत्ता नाही." आणि मग पडद्याकडे बघत, "ताई, एक विचारू? कोपराच्या रफूत हा आतला सुती कपडा कुठून आला? आणि घरमालक?"

"थंडी असते," रफूबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटर कापडी पिशवीत घालून ग्रंथालयात गेली. ग्रंथपालबाई पुस्तकांना नवी वेष्टनं घालत होती. रफूबाईने तिला बाजूच्या टेबलाशी बसवलं, नकाशा उघडला, आणि इतके दिवस आवरून धरलेलं बोट अखेर त्या ठिपक्यावर ठेवलं.

"हे कोण आहे ते बघून दे."

ग्रंथपालबाईने ठिपक्याच्या आत शिरून बघितलं. आतली यादी वर-खाली सरकवून पाहिली. मग म्हणाली, "मावशी, तुम्हाला कोण वाटलं?"

"तू आधी सांग."

"हे माणूस नाही हो." तिने खुर्ची जवळ ओढली. "शोध घेणाऱ्या कंपन्यांची यंत्रं असतात. ती रोज ठरल्या वेळी पानापानांवर फिरतात, काही बदललं का बघतात आणि निघून जातात. जेमतेम पापणी लवेपर्यंत थांबतात. फोटोसुद्धा उघडत नाहीत."

"पण शहर तेच आहे."

"त्या शहराबाहेर अशा यंत्रांची मोठमोठी कोठारं आहेत."

"आणि कोपरावरच का येतं? कॉलरवर का नाही?"

ग्रंथपालबाईने तिच्याकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं असावं, कारण पुढचं तिने फार हळू सांगितलं. "कारण तुम्ही त्याच पानावर रोज नवं लिहिता, मावशी. जिथे बदल होतो तिथे ते पुन्हा येतं."

म्हणजे ती लिहीत होती म्हणून ते येत होतं, आणि ते येत होतं म्हणून ती लिहीत होती. रफूबाईने हात मांडीवर घेतले. पोरीला सांगितलेली ओल, आतला सुती कपडा, कोपर टेकून विचार करण्याचं ते, सगळं कुठल्याशा कोठारातल्या पेटीने रोज सकाळी पापणी लवेपर्यंत वाचलं होतं. ग्रंथपालबाईने पाणी आणून दिलं. ते ती प्यायली नाही.

"माझी पोरगी आली असती तर ठिपका दिसला असता ना?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "म्हणजे ती आलीच नाही कधी."

"तसं नाही म्हणता येणार. ती झाकून येत असेल तर..." ग्रंथपालबाई बोलता बोलता थांबली. तिची नजर पडद्याच्या वरच्या कडेला गेली होती. "ही चकती कुणी लावली?"

"तिनेच. खाली फुटलंय काहीतरी. कडा मी शिवल्यात."

ग्रंथपालबाईने नखाने चकतीची एक बाजू थोडी उचलली. खाली काही फुटलेलं नव्हतं. मसुराएवढं काचेचं भिंग होतं, स्वच्छ, चकचकीत. "मावशी, हा कॉम्प्युटरचा डोळा आहे. आपल्याला कुणी बघू नये म्हणून लोक तो झाकून ठेवतात. इतकी काळजी घेणारी माणसं इंटरनेटवर उघड्या तोंडाने फिरत नाहीत. ती आली असेल तर नक्की झाकूनच आली असेल. आली नसेल, तर नसेल. ठिपक्यावरून दोन्ही कळणार नाही."

तिने चकती पुन्हा दाबून बसवली. रफूबाईने घातलेले टाके तसेच होते.

घरी जाताना रफूबाई दोन वेळा चुकीच्या जिन्याशी वळली.

पानाच्या मागच्या बाजूला, नकाशाच्या खाली, एक पिवळं बटण पहिल्यापासून होतं. तिने ते कधी नीट वाचलं नव्हतं. आता अक्षर अक्षर लावून वाचलं. "तुमच्याकडे येणारे खरोखर कोण आहेत? लपून येणाऱ्यांनाही ओळखा." त्यावर बोट ठेवून ती बसलेली असतानाच नळवाला वर आला. ग्रंथालयात काय झालं ते तिने तीन वाक्यांत सांगितलं. चौथं वाक्य लागलंच नाही. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि बटण त्यानेही वाचलं.

"दाबा," तो म्हणाला.

"कालपर्यंत तर जोड मारणारे चोर होते."

"ते परके. तुम्ही आई आहात. तुम्हाला कळायला नको का पोरगी आहे कशी, येते का नाही? अहो, मला जर असं बटण मिळालं असतं..." पुढचं तो बोलला नाही. त्याला तसं बटण मिळून उपयोग नव्हता.

रफूबाईचं बोट बटणावरच होतं. दाबलं की कळेल. आली असेल तर कळेल, कधी येते ते कळेल, कुठून येते, किती वेळ थांबते. पुन्हा खिडकीतून बसचा थांबा दिसायला लागेल. आणि चकती लावणारी पोरगी पाच मिनिटांत ओळखेल, आईच्या पानामागे कुणीतरी उभं आहे, आणि ते कोण आहे. तिला बस बदलायची सवय होती.

आणि एकाएकी रफूबाईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. नळवाला घाबरला.

"काय झालं हो ताई?"

"पोलीस परवडले म्हणाली होती. ड्युटी संपली की घरी जातात!" ती डोळे पुसत म्हणाली. "इतकी वर्षं मला तो विनोद कळला नव्हता."

नळवाल्याला त्यात काहीच कळलं नाही, पण तोही थोडं हसला, सोबत म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं की ती आता हसत नाहीये. तो उठून आत गेला आणि स्वतःच चहा ठेवला, साखर कुठे आहे ते न विचारता.

पुढचं काम ग्रंथपालबाईने केलं. जागावाल्याचे जोड काढता येण्यासारखे नव्हतेच, भिंती त्याच्या होत्या. म्हणून तिने ग्रंथालयाच्या स्वतःच्या जागेवर रफूबाईला एक कोपरा दिला आणि पानं तिकडे हलवली. नुसती अक्षरं आणि फोटो. नकाशा नाही, मोजणी नाही. जुन्या पानावर तेवढी नव्या जागेची पाटी राहू दिली.

"मावशी, एकदा नीट विचार करा," ती म्हणाली होती. "इथे कोण आलं, कोण गेलं, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. मलाही सांगता येणार नाही."

"पाटीवर तेच लिही," रफूबाई म्हणाली. मग म्हणाली, "नको. मी लिहिते."

आणि एकेक अक्षर शोधून तिने लिहिलं: रफूचं काम आता नव्या जागी. येणाऱ्याची इथे मोजणी होत नाही.

घरी येऊन तिने नळवाल्याचं साधन लावून आपलं नवं पान उघडलं. पडद्याच्या कडेला वर्तुळ आलं. ती वाट बघत राहिली. त्रिकोण आले नाहीत, रेघा आल्या नाहीत. पांढऱ्या जागेत ते एकटंच वर्तुळ उभं होतं. कापड उलटं करून बघावं आणि मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ निघावी, तसं. असं काम आयुष्यात दोनदा-तीनदाच साधतं. पण बघायला फार बरं वाटलं असं काही नाही. फार एकटं दिसत होतं ते.

त्यानंतरच्या सकाळी जड गेल्या. खोटा का असेना, ठिपका रोज येत होता. आता चहा उकळताना बघायला काही नव्हतं. ती सवयीने पडदा उघडी आणि आपण कशासाठी उघडला ते आठवून पुन्हा मिटून टाकी. कोपराच्या पानावर लिहिणं मात्र तिने सोडलं नाही. फक्त आता घरमालक आणि सुती कपडे त्यात येत नसत. एकदा तिने लिहिलं: रफू केल्यावर ती जागा सारखी बोटाने चाचपून बघू नये. धाग्यांना बसायला वेळ द्यावा. आणि मग वाचून बघितलं, खोडावं का असा विचार केला, आणि राहू दिलं. ते रफूबद्दलच होतं. कुणीही वाचलं तरी खरंच होतं.

लॉन्ड्रीवाल्याने एक तपकिरी कोट वर पाठवला, दोन्ही कोपरं गेलेला. या खेपेला "घाई आहे" म्हणून. रफूबाई खुर्चीत बसली, बाही उलटी केली, धागे ओढून काढले, आणि दोन टाक्यांत तिचे डोळे पाणावले. सावली नेमकी भोकावर पडत होती. तिने तोंडातल्या तोंडात स्वतःला एक शिवी घातली, उठली आणि खुर्ची ओढून फिरवली. आता उजेड डाव्या खांद्यावरून येत होता, टाका लख्ख दिसत होता आणि खिडकी पाठीमागे गेली होती.

नळवाला आला तेव्हा दारातच थबकला. "अरेच्चा! खोली बदलली की काय मला वाटलं."

"उजेड नीट येत नव्हता."

"इतक्या वर्षांनी कळलं?" तो स्टुलावर बसला, कॉम्प्युटरकडे बघितलं, मग तिच्याकडे. रोज विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "आलं का कुणी?"

"आलं असेल," रफूबाई म्हणाली.

खाली बस थांबली. दार उघडल्याचा फुसकारा आला, माणसं उतरली, कुणाच्या तरी टाचा फरसबंदीवर वाजल्या. तिचा धागा अर्ध्यावर होता. तिने तो हलकेच ओढून घेतला आणि पुढचा टाका घातला.